वेळापत्रकात नसलेला तास

प्राथमिक शाळेच्या भिंतीवर वेळापत्रक लावलेलं असतं. भाषा, गणित, परिसर अभ्यास, चित्रकला, खेळ. रंगीत खडूनं चौकटी आखलेल्या असतात. पण एक तास मला तिथं कधी दिसला नाही. आमच्या निपाणीत नाही, पलीकडं कागल-कोल्हापुरात नाही आणि माझ्या थोरल्या बहिणीच्या उज्जैनमध्येही नाही. आपलं शरीर कसं आहे, राग आला तर त्याचं काय करायचं, कुणी नको तिथं हात लावला तर काय म्हणायचं, घरात कुणी पिऊन आलं तर लेकरानं कुठं जायचं, हे सगळं शिकवायचा तो तास. इंग्लंडात सप्टेंबर २०२० पासून नातेसंबंधांचं शिक्षण सर्व प्राथमिक शाळांना सक्तीचं झालं. आपल्याकडं या विषयाचे तुकडे तेवढे आहेत. थोडं परिसर अभ्यासात, थोडं शारीरिक शिक्षणात, थोडं परिपाठातल्या सुविचारात, आणि बाकीचं आईच्या एका वाक्यात : "गप बस, असं विचारायचं नसतं."

आमची आक्का गेली वीसेक वर्षं हा तास घेते आहे. वेळापत्रकात तो नाहीच, त्यामुळं ती कधी परिसर अभ्यासातून दहा मिनिटं काढते, तर कधी शनिवारच्या अर्ध्या शाळेतून.

तिची शाळा उज्जैनच्या भैरवगढमध्ये आहे. शहराच्या उत्तरेला, क्षिप्रेच्या काठावर वसलेली ही जुनी वस्ती. इथं काळभैरवाचं देऊळ आहे, सिद्धवट आहे, मोठं मध्यवर्ती कारागृह आहे आणि घराघरांत बाटिकच्या छपाईचं काम चालतं. आक्का निपाणीहून तिकडं कशी गेली, असं वाचक विचारतील. दाजींचं घराणं शिंद्यांच्या फौजेबरोबर माळव्यात गेलेलं. १८१० मध्ये दौलतरावांनी राजधानी ग्वाल्हेरला नेली, तोवर शिंद्यांचं ठाणं उज्जैनच होतं. गेलेल्यांतले बरेचजण तिथंच राहिले. त्यांच्या मराठीत आता हिंदी इतकी मुरली आहे की लग्नानंतर पहिली दोन वर्षं आक्काला सासूबाईंचं मराठी उलगडून घ्यावं लागायचं. आपल्याला यात नवल नाही. आपल्या घरी आज्जी मराठीत सुरू झालेलं वाक्य कन्नडमध्ये संपवते आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

मागच्या दोन-तीन सुट्ट्यांत मी उज्जैनला गेलो, तेव्हा तिच्या वर्गात मागच्या बाकावर बसायचो. महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला तिसरीच्या वर्गात बसून काय मिळणार, असं दाजी थट्टेनं म्हणायचे. मिळालं ते सांगतो.

स्वच्छतेचा पाठ सगळ्याच राज्यांच्या पुस्तकांत असतो. हात धुवा, नखं कापा. सोबत एक गोरंगोमटं मूल नळाखाली हात धरून उभं असतं. आक्काच्या वर्गातल्या निम्म्याअधिक पोरांच्या बोटांवर निळा, तांबडा, करडा रंग असतो. बाटिकचं काम असं : कापडावर जिथं रंग नको तिथं वितळलेलं मेण कुंचल्यानं भरायचं, मग कापड थंड रंगात बुडवायचं, वाळवायचं, पुन्हा मेण, पुन्हा आधीपेक्षा गडद रंग, आणि शेवटी उकळत्या पाण्यात घालून सगळं मेण उतरवायचं. मेणाला जिथं तडे जातात तिथं रंग शिरतो आणि बारीक रेषांची जाळी उमटते. तीच या कापडाची ओळख. २०२३ मध्ये उज्जैनच्या बाटिकला भौगोलिक मानांकन मिळालं. घरात असं काम चालत असेल, तर शाळेतून आलेलं पोर कापड धरू लागतं, पिळू लागतं. त्याचा हात पुस्तकातल्यासारखा होणार कसा?

एका वर्षी तपासणीच्या दिवशी एक मुलगा हात मागं लपवून उभा राहिला. शेजारच्यानं लगेच सांगितलं, "मैडम, ये गंदा है." आक्कानं तो धडा तिथंच थांबवला आणि दुसऱ्या दिवशी नवा घेतला. मळ आणि रंग यांत फरक काय? मळ साबणानं जातो, कामाचा रंग कातडीत बसतो, चार दिवसांनी आपोआप उतरतो. म्हणजे ज्याच्या हातावर रंग आहे तो घाणेरडा नाही, त्याच्या घरी काम आहे. इतकं सांगून ती थांबली असती तर तो नुसता गोड धडा झाला असता. पुढचा भाग जास्त महत्त्वाचा होता. नेफ्थॉलचे रंग विरघळवायला कॉस्टिक सोडा लागतो, तो कातडी भाजतो. म्हणून त्या बादलीला पोरांनी हात लावायचा नाही, अंगावर उडालंच तर भरपूर पाणी ओतत राहायचं. मेणाच्या कढईजवळ लहान भावंडाला घेऊन बसायचं नाही. आणि रंगाचे हात जेवणाआधी धुवायचे, ते गोरे दिसावेत म्हणून नव्हे, तर रंग पोटात जाऊ नये म्हणून. आठवड्याभरात दोन घरांत रबरी हातमोजे आले. त्यातल्या एका घरचे आजोबा ते घालायला तयार झाले नाहीत, हातमोज्यानं कापड "समजत नाही" म्हणाले. त्यांचंही खरंच असणार.

पुस्तकातल्या चित्रातली ही फसवणूक आपण फार गांभीर्यानं घेत नाही. आरोग्याचा धडा पोराला पहिल्यांदा काय शिकवतो, तर तुझं घर चुकीचं आहे. मग ते पोर धडा पाठ करतं, परीक्षेत लिहितं आणि घरी विसरतं.

भैरवगढमध्ये याहून अवघड धडा दारूचा. काळभैरवाला मद्याचा नैवेद्य असतो हे बहुतेकांना ठाऊक असेल. पुजारी बशीत मद्य ओततात, ती मूर्तीच्या ओठांशी धरतात, बशी रिकामी होते आणि बाटलीत उरलेलं भक्ताला प्रसाद म्हणून परत मिळतं. या देवाच्या डोक्यावर शिंदेशाही पगडी असते आणि महादजी शिंद्यांनी स्वतःची पगडी इथं वाहिली असं सांगतात, म्हणून मराठी माणसाला तिथं हात जोडताना अंमळ घरच्यासारखं वाटतं. देवळाबाहेर फुलांच्या परड्यांत नारळाशेजारी बाटली असायची, सरकारमान्य दुकानंही होती. १ एप्रिल २०२५ पासून मध्य प्रदेश सरकारनं उज्जैनसह सतरा धार्मिक ठिकाणी दारूविक्री बंद केली आणि ती दुकानंही गेली. नैवेद्याची प्रथा मात्र चालू आहे, भक्त आपली बाटली बाहेरून आणतात.

आता या देवळापासून हाकेच्या अंतरावरच्या शाळेत "दारू वाईट" हे वाक्य फळ्यावर लिहून बघा. आक्कानं लिहिलं. एक मुलगी उभी राहिली : "मैडम, भैरव बाबा भी तो पीते हैं."

आक्का म्हणाली, "महाकाल को भस्म चढ़ती है. तो क्या हम राख खाते हैं?" उज्जैनच्या पोराला पटावं असं हे उत्तर. देवाचं ते देवाला, माणसाचं माणसाला. वर्गानं मान हलवली. पण मागून एक बारीक आवाज आला, "लेकिन मैडम, आधी बोतल तो वापस मिलती है ना!"

मला हसू आवरेना. आक्का हसली नाही. तिनं त्या मुलाकडं पाहिलं आणि विचारलं, "वापस मिलती है तो फिर कौन पीता है?" मुलगा म्हणाला, "पापा." वर्ग गप्प झाला. आता पुढं काय, असं मला झालं. ती म्हणाली, "ठीक है, बैठो," आणि फळ्यावरचं वाक्य पुसून टाकलं.

त्यानंतरचा अर्धा तास दारू चांगली की वाईट, देव बरोबर की बाबा बरोबर, यातलं काही नव्हतं. तिनं चार पोरांना जागच्या जागी दहा गिरक्या घ्यायला लावल्या आणि मग जमिनीवरच्या सरळ रेषेवरून चालायला सांगितलं. पोरं धडपडली, वर्ग खिदळला. मग तिनं सांगितलं की दारू मेंदूला असंच करते, आणि माणूस गिरकीतून मिनिटात बाहेर येतो, दारूतून यायला तास लागतात. म्हणून प्यालेल्या माणसाच्या मोटारसायकलवर बसायचं नाही, मग तो कुणी का असेना. त्याच्याशी वाद घालायचा नाही, त्याला समजावायचं काम लेकराचं नाही. धाकट्या भावंडाचा हात धरायचा आणि ठरलेल्या घरी जायचं. हे "ठरलेलं घर" प्रत्येकानं आधीच ठरवून ठेवायचं. काकी, शेजारची आजी, कुणीही. प्रत्येकानं वहीत त्या घराचं चित्र काढलं. एकालाही "तुझे बाबा पितात का?" असं तिनं विचारलं नाही. त्या वहीची पानं ती कुणाला दाखवत नाही. मलाही दाखवली नाहीत.

हे पाहताना मला आपली निपाणी आठवत होती. आपलं गाव तंबाखूवर उभं राहिलं. १९८१ चं शरद जोशींचं तंबाखू आंदोलन आपल्या आई-वडिलांनी पाहिलेलं आहे. वखारीतल्या बायकांच्या लढ्यावर १९८२ मध्ये 'तंबाखू चाकिला ऊब आली' हा माहितीपट निघाला, तो पाहिलेले लोक अजून गावात भेटतात. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकू नयेत असा २००३ चा कायदा आहे, तसा फलकही लावलेला दिसतो. पण तो कायदा विक्रीचा. वखारीतून येणारा उग्र वास, आईच्या पदराला चिकटलेली भुकटी, सुपात विड्या वळणारी आज्जी यांच्याबद्दल तो काही बोलत नाही. "तंबाखूमुळं कॅन्सर होतो" हे वाक्य आमच्या पोरानं घोकायचं आणि संध्याकाळी त्याच विड्यांच्या मजुरीतून आलेल्या पैशांनी वही आणायची. भैरवगढच्या मुलासारखंच आमचं पोरही विचारत असणार, फक्त मनात. आपल्या भागातल्या शिक्षकांनी या पोराला काय सांगावं? माझ्या मते आईचं काम वाईट आहे असं कदापि सांगू नये. आईनं नाकाला फडकं बांधावं, हात धुऊन मगच भाकरी थापावी, बाळाला कामाच्या जागी झोपवू नये, आणि आईच्या कामाला बरी मजुरी मिळावी, इतकं तिसरी-चौथीच्या पोरालाही कळतं.

वहीतल्या चित्रांबद्दल मी आक्काशी रात्री बोललो. ती म्हणाली, "अरे, पिणं-बिणं नंतरचं. घरोघरी पोरांना एक वाक्य शिकवलेलं असतं, ते आधी सोडवावं लागतं." ते वाक्य आपल्यालाही पाठ आहे. कुणाला सांगू नको. यारिगू हेळब्याड. बाबा पिऊन आले, कुणाला सांगू नको. काकूशी भांडण झालं, कुणाला सांगू नको. घरची लाज घरात राहावी म्हणून आपण हे चांगल्या मनानं सांगतो. पण लेकरावर अत्याचार करणारा माणूसही नेमकं हेच वाक्य वापरतो. आठ वर्षांच्या पोराला या दोन "कुणाला सांगू नको"मधला फरक कसा कळावा? त्याला घरातूनच सराव झालेला असतो.

म्हणून ती गुपितांचा तास घेते. ताईच्या वाढदिवसाला काय आणलंय हे गुपित. ते ठरल्या दिवशी उघडतं आणि सगळे खूश होतात. ते बिनधास्त ठेवावं. पण जे गुपित कधीच उघडायचं नसतं, जे आठवलं की पोटात कसंतरी होतं, ते ठेवायचं नाही. ज्यानं ते ठेवायला सांगितलं तो सोडून दुसऱ्या मोठ्या माणसाला सांगायचं. पहिल्यानं ऐकलं नाही तर दुसऱ्याला, दुसऱ्यानं नाही तर तिसऱ्याला. एवढंच. यात लाजण्यासारखा एकही शब्द नाही.

अलीकडं शाळांतून 'गुड टच, बॅड टच'ची शिबिरं होतात. २०१२ मध्ये पॉक्सो कायदा आला, त्याच वर्षी 'सत्यमेव जयते'च्या एका भागातून हा विषय घराघरांत पोचला, हे चांगलंच झालं. पण वर्षातून एकदा पाहुणे येतात, पोरांना उन्हात ओळीत बसवून पाऊण तास बोलतात, फोटो निघतो, अहवाल जातो. त्यातून काय राहतं? शिवाय आक्काला ते शब्दच पटत नाहीत. इंजेक्शनचा स्पर्श दुखतो पण वाईट नसतो, आणि वाईट हेतूचा स्पर्श कधीकधी लाडीगोडीचाही असतो. म्हणून ती "नकोसा" म्हणते. आणि नकोसं वाटलं तर म्हणायचं "नाही". हा शब्द पोरांच्या तोंडून काढताना तिचा खरा घाम निघतो. आपण सगळ्यांनीच पोरांना उलटं शिकवलेलं. पाहुणे आले की "मामाला पापी दे", पोर मागं सरलं की "असं करतात का, मामा रागावतील हं". दोन भाषांच्या घरात तर नको आणि ब्याड असे दोन-दोन शब्द आहेत आणि पोराला दोन्ही वापरायची मुभा नाही. वर्गात ती पोरांना आळीपाळीनं उभं करून मोठ्यानं "नहीं!" म्हणायला लावते. पहिल्या दिवशी तोंडातून आवाजच फुटत नाही. मुलींचा तर नाहीच. पण मुलग्यांचाही नाही, हे मुद्दाम सांगतो.

मुद्दाम अशासाठी, की केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयानं २००७ मध्ये तेरा राज्यांतल्या बारा हजारांहून अधिक मुलांशी बोलून एक अहवाल काढला होता. त्यातल्या ५३ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक छळ झाल्याचं सांगितलं, आणि त्यांत मुलींपेक्षा मुलगे किंचित जास्तच होते. छळ करणाऱ्यांतले निम्मे ओळखीचे, विश्वासातले. आता योगायोग बघा. त्याच २००७ साली किशोरवयीन शिक्षणाच्या कार्यक्रमावरून देशभर गदारोळ झाला. नववीपासूनच्या मुलांसाठी तो होता. संस्कृती बुडेल म्हणून मध्य प्रदेश, महाराष्ट्र आणि कर्नाटक, तिन्ही राज्यांनी त्याला दार बंद केलं. सीमेवरून, भाषेवरून, पाण्यावरून ज्यांचं कधी एकमत होत नाही, त्यांचं यावर चटकन झालं! त्या पुस्तिकांतली काही चित्रं शिक्षकांनाही अवघड वाटावीत अशी होती, हे मान्य. पण चित्र बदलता आलं असतं. विषयच उचलून बाजूला ठेवला गेला.

वास्तविक मराठी माणसाला हा विषय नवा नाही. र. धों. कर्व्यांनी १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' सुरू केलं आणि १९५३ मध्ये मरेपर्यंत एकट्यानं चालवलं. नोकरी गेली, खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले होते. मध्य प्रदेशातच होशंगाबादचा विज्ञान शिक्षणाचा प्रयोग १९७२ मध्ये सोळा शाळांतून सुरू झाला आणि पोरांना प्रश्न विचारायला शिकवत तीस वर्षं चालला. २००२ मध्ये तोही बंद झाला. त्या परंपरेतल्या 'एकलव्य' संस्थेचं 'बेटी करे सवाल' हे पुस्तक आक्काच्या कपाटात आहे, पानं सुटी झालेली. २०२० मध्ये आयुष्मान भारतच्या नावानं शाळा आरोग्य कार्यक्रम आला. त्यात अकरा विषय आहेत, प्रत्येक शाळेत दोन शिक्षक आरोग्यदूत आहेत. चांगला आहे, पण सुरुवात सहावीपासून. आक्काची पोरं पाचवीला शाळा सोडतात.

आणि पाचवीतच काही मुलींना पाळी येते. आपल्याकडं या गोष्टीला शब्दांची काय कमी! कावळा शिवला, बाहेरची झाली, शहाणी झाली, दोड्डाकि आदळु. जुन्या घरांत न्हाण आलं की मुलीला मखरात बसवायचे, आपल्या भागात आजही काही घरांत आरती करतात, ओटी भरतात, गल्लीला जेवण घालतात. सगळ्या गल्लीला बातमी कळते. फक्त त्या मुलीला अंगात काय झालं हे कुणी सांगत नाही. मी दरवर्षी बी. ए.च्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना नाव न घालता एक चिठ्ठी लिहायला सांगतो : शरीरात होणाऱ्या बदलांबद्दल पहिल्यांदा कुणी सांगितलं? मैत्रीण, टीव्हीवरची जाहिरात, मोठी चुलतबहीण, आणि मुलग्यांच्या चिठ्ठ्यांत अलीकडं मोबाइल. शिक्षक किंवा आई-बाप क्वचित. एका चिठ्ठीवर लिहिलं होतं, "मला वाटलं मी मरणार, म्हणून मी दप्तर आवरून ठेवलं होतं." ती चिठ्ठी मी टेबलाच्या खणात ठेवली आहे.

आक्का चौथीच्या शेवटी मुलींना आणि मुलग्यांनाही, एकाच वर्गात, एकाच फळ्यावर हे सांगते. यावरून एकदा एका पालकानं वर तक्रार केली, चौकशी लागली. तिला विचारलं, "मुलग्यांना कशाला?" ती म्हणाली, "त्यांना बहिणी आहेत म्हणून." चौकशी तिथंच मिटली. कागद कुठं गेला, कुणास ठाऊक.

एक प्रसंग तिनं मला खूप वर्षांनी सांगितला, तोही ओळख पटणार नाही असा सांगतो. गुपितांच्या तासानंतर एक मुलगी मागं रेंगाळली. "मैडम, किसी को बताओगी तो नहीं?" इथं कुणीही चटकन म्हणेल, "नाही गं, नाही सांगणार." आक्का तसं कधीच म्हणत नाही. ती म्हणाली, "जिसको बताने से तुझे मदद मिलेगी, बस उसी को बताऊँगी." मुलगी जरा वेळ उभी राहिली आणि मग सांगितलं. घरी येणारा-जाणारा माणूस होता. पॉक्सोच्या कलम १९ नुसार ज्याला कळलं त्यानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हा गुन्हा आहे. हे आपल्यातल्या किती शिक्षकांना माहीत आहे? आक्कानं मुख्याध्यापकांना सांगितलं, १०९८ ला फोन केला, मुलीच्या आईला शाळेत बोलावून तिच्याजवळ बसून राहिली. आई खंबीर निघाली. बापानं मात्र पंधरा दिवस मुलीला शाळेत पाठवलं नाही. सोळाव्या दिवशी ती आली, नेहमीच्या जागी बसली आणि डबा खाल्ला. आक्का एवढंच सांगते.

हे सांगताना सप्टेंबर २०२३ ची आठवण येतेच. उज्जैनच्याच रस्त्यावर एक जखमी, अत्याचार झालेली मुलगी अर्ध्या कपड्यांत दारोदार मदत मागत फिरली. सीसीटीव्हीत सगळ्या देशानं ते पाहिलं. एका माणसानं तिला हाकलताना पाहिलं. अखेर एका आश्रमातल्या पुजाऱ्यानं तिच्या अंगावर वस्त्र घातलं आणि पोलिसांना बोलावलं. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये बदलापूरच्या शाळेतल्या दोन चिमुकल्यांची बातमी आली, लोक रेल्वे रुळांवर उतरले. बदलापूरच्या पोरींनी घरी सांगितलं होतं. उज्जैनची पोरगी तर प्रत्येक दारात सांगत होती. पोरं सांगतात हो. आक्का म्हणते, "मी पोरांना 'एकानं नाही ऐकलं तर दुसऱ्याला सांग' असं शिकवते, पण दुसरा कुठून आणू?"

म्हणून गेल्या काही वर्षांपासून तिनं पालकांची सभा सुरू केली आहे. निकालाची नव्हे, ही वेगळी. पहिल्या सभेला सहा बाया आल्या, पुरुष एकही नाही. सहाही जणी भिंतीला टेकून, पदर तोंडावर घेऊन बसल्या, बांगड्यांवर मेणाचे थेंब वाळलेले. आक्कानं गुपितांची गोष्ट सांगितली तशी एक म्हातारी म्हणाली, "ये तो मेरी बहू को भी सिखाओ, वो भी कुछ नहीं बताती." सून शेजारीच बसली होती. तिनं पदर आणखी खाली ओढला, पण हसली.

आता पंधरा-वीस जण येतात, त्यांत दोन-तीन बापही असतात. निपाणीत माझ्या ओळखीच्या दोन प्राथमिक शिक्षिका आहेत, एक मराठी शाळेत आणि एक कन्नड शाळेत. त्यांनी आक्काचा फोन नंबर घेतला आहे आणि आक्का कधीकधी तासभर त्यांना धडे समजावून देत बसते, अर्धं मराठीत आणि विसरत चाललेल्या कन्नडमध्ये अर्धं. "ठरलेलं घर" दोघींनीही सुरू केलं. कन्नड शाळेतल्या बाईंनी विचारलं की सभा कधी घ्यावी, लोक येत नाहीत. आक्का म्हणाली, पावसाळ्यात घे. तिकडं पावसात कापड वाळत नाही, त्यामुळं भैरवगढच्या बाया जरा मोकळ्या असतात. तुमच्याकडं वखार कधी बंद असते ते बघ आणि तो दिवस धर.